प्रॉक्समॉक्स, नऊ महिने आणि एक जुना झिऑन

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पाच जुने पीसी काढून एक सेकंडहँड सर्व्हर घेतला: इंटेलचा झिऑन ई५-२६३० व्ही३ प्रोसेसर, ८ कोअर, १६ थ्रेड (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं, ते थ्रेड). त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम (सॉफ्टवेअरमधले वेगवेगळे कॉम्प्युटर) आणि कंटेनर (त्याहून हलके कप्पे) चालवणारी सिस्टिम. एका व्हीएममध्ये टॅली, दुसरीत ड्रॉइंग, कंटेनरमध्ये हजेरी. तिसरी व्हीएम शेजारच्या फाउंड्रीवाल्या काकांची. "जागा हाय न्हवं, आमचंबी ठेव की," म्हणाले, ठेवलं. बॅकअप, स्नॅपशॉट सगळं झकास.

घोळ माझाच. अपडेट जिथून येतात ती एंटरप्राइझ रिपॉझिटरी सबस्क्रिप्शनशिवाय चालत नाही, ती बदलायची मी विसरलो. अपडेट दाबलं की लाल ओळी यायच्या, मी खिडकी बंद करायचो. दोन महिने कर्नल (सिस्टिमचा गाभा) होता तिथंच.

मग काकांच्या व्हीएममध्ये त्यांच्या भाच्यानं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलेलं दिसलं आणि माझी टरकली. व्हीएम वेगळ्या असल्या तरी खाली प्रोसेसर एकच. 'एलएससीपीयू' ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड मारून बघितलं, तर एलवनटीएफ नावाच्या खोडीच्या ओळीत शेवटी 'एसएमटी व्हल्नरेबल', म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालत असल्यानं धोका. इंटेल प्रोसेसरमधली ही खोड ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झाली. एका कोअरचे दोन थ्रेड एल१ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, झटपट मेमरी) वाटून घेतात. एका थ्रेडवरची व्हीएम दुसऱ्याचा डेटा त्यातून चोरून वाचू शकते. व्हीएममध्ये शिरण्याआधी कर्नल कॅश पुसतो खरा, पण शेजारचा थ्रेड त्याच वेळी ती भरत असेल तर पुसून काय उपयोग? म्हणून हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं, बंद केलं. १६ चे ८ झाले. टॅलीला पत्ताही लागला नाही, ड्रॉइंगवाला पोरगा मात्र अजून कुरकुरतोय.

हजेरीही व्हीएममध्ये हलवली. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, होस्टचाच (खालच्या सर्व्हरचाच) वापरतो. लिनक्स कर्नलमधलं २०२२ चं डर्टी पाइप नावाचं भोक आठवा: फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साध्या युजरला लिहिता यायचं. असलं भोक कंटेनरमधून थेट होस्टच्याच कर्नलला भिडतं.

रिपॉझिटरी बदलली, आता कर्नल वेळेवर येतो, पण रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही. व्हीएम हलवायला दुसरा होस्ट नाही, म्हणून रविवारी सकाळी शटर उघडून बसायचं. एकदा रीबूटनंतर नेटवर्क कार्डाचं नावच बदललं, ब्रिज (व्हीएम आणि सर्व्हरला नेटवर्कशी जोडणारा पूल) मेला. नाव आधीच पक्कं करून ठेवायला हवं होतं. सर्व्हर नेटवर्कवरून दिसेना, म्हणून टिळकवाडीतून घरचा मॉनिटर स्कूटरवर मांडीत धरून आणला, रेल्वे गेटला पंधरा मिनिटं अडकलो. तो मॉनिटर अजून सर्व्हरशेजारीच आहे. घरी रोज विचारतात.