दंड समजून भरलेले 120 पाउंड

लंडनजवळच्या स्लाउमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटखाली गाडी लावायला 27 नंबरची जागा होती. जाहिरातीत होती, भाडेकरारात होती आणि भाड्यातही धरलेली होती. त्याच जागेत, त्याच गाडीवर मला दोनदा तिकीट लागलं आणि दाराशी सामान उतरवताना एकदा. पहिली दोन मी मुकाट्याने भरली. हे लिहितोय ते त्या दोन तिकिटांसाठी. तिसऱ्याचं पुढे येईलच.

2022 च्या जूनमध्ये आम्ही राहायला गेलो. किल्ल्यांबरोबर मालकीणबाईंनी एक कागदी परमिट दिलं, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, वर मार्करने 27. एजंट म्हणाला, "काचेच्या आत ठेवा म्हणजे झालं." इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीने आवार एका खासगी पार्किंग कंपनीच्या हवाली केलंय, हे त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. फाटकाशी खांबावर पाटी होती, पण वाचायची तर शिडी लागली असती.

ऑक्टोबरमध्ये परमिट डॅशबोर्ड आणि काचेच्या फटीत घसरलं. सकाळी काचेवर पिवळं प्लास्टिकचं पाकीट चिकटवलेलं. आत 'पार्किंग चार्ज नोटिस', 100 पाउंड, 14 दिवसांत भरल्यास 60. मी तिथल्या तिथे फोनवरून भरून टाकले. रुपयात हिशेब केला तर पाच हजारांच्या वर जातात, म्हणून हिशेबच केला नाही.

माझी चूक इथे झाली आणि आपल्याकडच्या बहुतेकांची इथेच होते. आपल्याला कागद म्हणजे सरकार वाटतं. पुण्यात गाडी उचलली तर सोबत पोलीस असतो, ई-चलान येतं तेही पोलिसांचंच. इथे कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, रस्त्यावर लावते ती 'पेनल्टी चार्ज नोटिस', तो खरा दंड, त्यामागे कायदा असतो. खासगी कंपनीची असते ती 'पार्किंग चार्ज नोटिस'. दोन्हींचा संक्षेप पीसीएन, पाकिटं सारखी, अक्षरांची ठेवणही सारखी. पण दुसरी म्हणजे एका कंपनीने तुमच्या नावाने फाडलेलं बिल. तुम्ही आमच्याशी केलेला करार मोडलात, असा तिचा दावा असतो, आणि तो खरा की खोटा हे ती स्वतः ठरवू शकत नाही. मला हे माहीत असतं तर निदान कागद दोनदा वाचला असता. त्यात व्हिसावर असलेल्या माणसाच्या पोटात वेगळाच गोळा येतो. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना हे आडवं आलं तर? या भीतीवर किती पैसे गोळा होत असतील कोण जाणे.

दुसरं तिकीट डिसेंबरातलं. आई-बाबा पहिल्यांदाच आले होते. हीथ्रोवरून घरी पोचलो तेव्हा पाऊस होता, चार मोठ्या बॅगा होत्या आणि बाबांचा गुडघा दुखत होता. गाडी इमारतीच्या दाराशी उभी केली, त्यांना आणि बॅगा आत सोडल्या आणि मग 27 नंबरमध्ये नेली. सगळी मिळून सात मिनिटं. काचेवर काही नव्हतं, पण नऊ-दहा दिवसांनी पत्र आलं. आत फोटो: उघडी डिकी आणि शेजारी आईची मरून शाल. पुन्हा 100, लवकर भरल्यास 60. बाबा म्हणाले, "भरून टाक रे, परक्या मुलखात भानगड नको." भरले.

नंतर कळलं ते अजून खुपतं. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातल्या अपिलात, जॉप्सन नावाच्या खटल्यात, नेमका हाच प्रश्न आला होता. फ्लॅटच्या दाराशी सामान उतरवायला थोडा वेळ थांबणं म्हणजे 'पार्किंग' नव्हे, आणि रहिवाशाला लीजने, म्हणजे फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या कराराने, दिलेले हक्क पार्किंग कंपनी नंतर पाटी लावून काढून घेऊ शकत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. पत्र आलं तेव्हा एवढं ठाऊक असतं तर ते 60 पाउंड आईच्या औषधाला आले असते.

तिसरं जानेवारीत. या वेळी परमिट जागच्या जागी होतं, मी आदल्या रात्री पाहिलेलं. पहाटे उणे चार होतं आणि काच बर्फाने पांढरी झाली होती. कंपनीने पाठवलेला फोटो सकाळी 6:40 चा. काचेवर नखाच्या जाडीचा बर्फ, त्याच्या आत परमिटची फिकट चौकोनी सावली दिसते, आणि खाली कारण लिहिलेलं: 'वैध परमिट दर्शनी भागात नाही.' काच खरवडायचे कष्ट त्या माणसाने घेतले नव्हते आणि घ्यायचं त्याला कारणही नव्हतं.

आता मात्र डोकं फिरलं. रागाच्या भरात कंपनीला लिहिलं: "मी माझ्याच जागेत गाडी लावली होती." ही दुसरी चूक. 2012 च्या कायद्यानुसार गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही तर कंपनी गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे ('रजिस्टर्ड कीपर'कडे) वळू शकते, पण त्यासाठी नोटिशीची भाषा आणि मुदती काटेकोर पाळाव्या लागतात. काचेवर तिकीट लावलं असेल तर मालकाला पत्र 29 ते 56 दिवसांच्या आत पोचायला हवं. काचेवर लावलंच नसेल तर 14 दिवसांत. मला पत्र उशिरा आलं होतं. पण "मी लावली होती" असं लिहून मी ती पळवाट स्वतःच बुजवली होती. तुम्ही लिहाल तेव्हा 'गाडीचा नोंदणीकृत मालक या नात्याने' एवढंच लिहा.

कंपनीने माझं अपील फेटाळलं. मग टोलवाटोलवी. एजंट म्हणाला, आम्ही फक्त भाडं बघतो. देखभाल कंपनी म्हणाली, तुम्ही आमचे ग्राहक नाही, मालकाशी बोला. पार्किंग कंपनी फोनच उचलत नव्हती.

मंडळातले एक काका म्हणाले, "फेकून दे कचऱ्यात, काही होत नाही." वीस वर्षं इथे राहिलेला माणूस, म्हणून मी ऐकलं. काकांचं ज्ञान जुनं होतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेव्हिस खटल्यात चेल्म्सफर्डच्या दुकानांच्या आवारातलं 85 पाउंडांचं तिकीट वैध ठरवलं, तेव्हापासून या कंपन्या सरसकट खोट्या आहेत असं म्हणायची सोय राहिलेली नाही. तीन महिन्यांत वसुलीवाल्यांची पाच पत्रं आली, लाल अक्षरांत, रक्कम 170. त्या पत्रांना मात्र खरंच भ्यायचं कारण नव्हतं. वसुलीवाला घरात शिरू शकत नाही. फरक पडतो तो 'दाव्यापूर्वीची नोटीस' आली की. ती 30 दिवसांची असते. तिच्यानंतर नॉर्थॅम्प्टनहून न्यायालयाचा दावा आला: मूळ 100, त्यावर 70, दावा दाखल करायचे 35, वकिलाचे 50. व्याज वेगळं.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक नागपूरचं जोडपं होतं. ते मँचेस्टरला गेले, गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा, पत्ता बदलायचा राहिला. तिकिटं, पत्रं, दावा, सगळं जुन्या पत्त्यावर आलं आणि नव्या भाडेकरूने 'राँग अ‍ॅड्रेस' लिहून परत टाकलं. त्यांच्या नकळत एकतर्फी निकाल लागला. महिनाभरात पैसे भरले नाहीत तर असा निकाल सहा वर्षं पतनोंदीत राहतो. त्यांना कळलं तेव्हा बँक घरकर्ज नाकारत होती.

दावा आल्यावर मी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तो मला आठ महिन्यांत सुचला नव्हता: "तुमच्या भाडेकरारात काय लिहिलंय?" करार काढला. 'पार्किंग क्रमांक 27 सह.' परमिटचा, काचेचा, कुठल्या कंपनीचा शब्द नाही. मग मालकीणबाईंना त्यांचं लीज मागितलं. त्यांनी लगेच स्कॅन करून पाठवलं, बिचाऱ्या स्वतःही तिकिटांना कंटाळलेल्या होत्या. 2007 चं लीज, त्यात त्या जागेचा वापर करायचा हक्क साध्या शब्दांत दिलेला, अट काही नाही. जो हक्क मला आधीपासून आहे तो मला 100 पाउंडांना विकायचा करार खांबावरची पाटी कशी करणार? (तुमच्या करारात 'परमिट लावणे बंधनकारक' अशी ओळ असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो. ती आधी शोधा.)

दावा मिळाल्याची पोच मी 14 दिवसांत ऑनलाइन दिली, त्यामुळे बचाव मांडायला एकूण 28 दिवस मिळाले. बचावाला करार, लीज आणि तो बर्फाचा फोटो जोडला. फोटो मोठा केला की सावलीत 27 मधला 7 ओळखू येतो. सुनावणीची तारीख लागली. दावेदाराने आधी 27 पाउंड सुनावणी शुल्क भरायचं होतं. त्याची मुदत संपायच्या दोन दिवस आधी दावा मागे घेतल्याचा फॉर्म आला. कारण दिलेलं नव्हतं. न्यायाधीशांसमोर उभं राहायची हौस फिटलीच नाही.

आधीचे 120 परत मागितले. उत्तर आलं की भरणा म्हणजे मान्यता. त्यावर भांडायला माझ्यात दम उरला नव्हता, आणि एकदा आपणहून दिलेले पैसे परत काढणं किती कठीण आहे हे त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात 31 नंबरच्या गाडीवर पिवळं पाकीट दिसलं. तळमजल्यावर नुकताच आलेला कोल्हापूरचा मुलगा राहतो, म्हणून संध्याकाळी करार दाखव म्हणून सांगायला गेलो. दार उघडून तो म्हणाला, "दादा, त्याचं काय, दुपारीच भरून टाकले."