‘डोळे मिटून ऐका’ म्हणणाऱ्या ऑडिओवाल्यापासून सावध राहा : माझे १,७१,३०० रुपये गेले

आधी आकडे. स्पीकर केबल, तीन मीटरची जोडी, ६४,००० रुपये. पॉवर कॉर्ड, दीड मीटर, ३८,५०० रुपये. यूएसबी केबल, एक मीटर, २१,८०० रुपये. आणि ‘ग्राउंडिंग बॉक्स’ नावाची एक काळी पेटी, ४७,००० रुपये. एकूण १,७१,३००. हे सगळं जोडलं की आवाज सुधारतो, या विकणाऱ्याच्या दाव्यावर घेतलं. पहिल्या तिन्हींचे पैसे बँकेतून गेले, त्याचं बिल आहे. पेटीचे रोख घेतले. ‘काका, बिल केलं की वर अठरा टक्के जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान,’ असं म्हणाला. त्या पेटीची साधी पावतीसुद्धा माझ्याकडे नाही. रोख मागितली की तिथून उठायचं, हे लक्षात ठेवा.

विकणारा बाणेरला एका फ्लॅटमध्ये ‘लिसनिंग रूम’ चालवतो. प्रकरण चालू असल्यामुळे वकिलांनी नाव लिहायला मनाई केली आहे. पुण्यात या नादाचे लोक थोडे नाहीत. ज्यांच्याकडे तो येऊन गेला असेल त्यांना पद्धतीवरून कळेलच.

एवढा शिकलेला माणूस वायरवर पावणेदोन लाख कसे घालवतो, हे मला घरच्यांनीही तोंडावर विचारून झालंय. माझं म्हणणं ऐका. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हापासून मी ऐकत आलोय. तंबोरा जरासा उतरला तरी मला कळतं. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मी चार ठिकाणी ऐकून, विचार करून घेतले होते आणि ते आजही उत्तम वाजतात. म्हणजे मी काही हवेत उडणारा माणूस नाही. त्यानं नेमकी हीच नस पकडली. ‘काका, तुमचे कान तयार आहेत. सगळ्यांना हा फरक ऐकू येत नाही.’ आता यावर माणूस काय बोलणार? फरक ऐकू आला नाही म्हणावं, तर आपलेच कान कच्चे ठरतात. ‘सगळ्यांना ऐकू येत नाही’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून आलं की समजा, तुम्हाला गळाला लावलं जातंय.

तो डेमो द्यायला घरी आला. आधी माझी जुनी वायर ठेवून एक विलंबित ख्याल लावला, दोन-तीन मिनिटं. मग स्वतः रॅकच्या मागे गेला, त्याची केबल जोडली आणि म्हणाला, ‘आता चष्मा काढा, डोळे मिटून ऐका. डोळे उघडे असले की मन भरकटतं.’ मी चष्मा काढला. डोळे मिटले. आणि आवाज खरोखर बदलला होता. तंबोरे पुढे आले, डग्ग्याला वजन आलं, गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला. मला भास झाला नव्हता. आवाज बदलला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

फक्त तो केबलनं बदलला नव्हता. रिमोट त्याच्या हातात होता.

हे कळलं कसं? हिनं त्या दिवशी फोनवर व्हिडिओ घेतला होता, लेकीला पाठवायला. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेवर आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये दिसतो. माझी जुनी वायर वाजताना आकडा उणे ३१. त्याची केबल वाजताना उणे २९.५. हा आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा आवाज मोठा. व्हिडिओत दोन्ही स्वच्छ वाचता येतात. दीड डेसिबल. ही वाढ अशी आहे की ‘आवाज मोठा केला’ असं कुणाला वाटत नाही, ‘आवाज उघडला’ असं वाटतं. प्रत्यक्षात स्पीकरला जाणारी ताकद त्यात सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच नीट तुलना करणारे लोक दोन्ही बाजूंचे आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घेतात, स्पीकरच्या टोकांना मीटर लावून. जुळवले नाहीत तर जी बाजू किंचित मोठी तीच चांगली वाटते, तुमचे कान कितीही तयार असोत.

त्या डेमोतला एक क्षण मला अजून झोपू देत नाही. माझा भाचा त्या वेळी घरात होता. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा. तो म्हणाला, ‘मामा, एक करूया. वायर मी बदलतो, कुठली लावली ते तुम्हा दोघांनाही सांगत नाही. तुम्ही ओळखा.’ विकणारा क्षणभर गप्प झाला. मग हसून म्हणाला, ‘ब्लाइंड टेस्टमध्ये मेंदूवर ताण येतो, त्यात बारकावे हरवतात. संगीत परीक्षा देऊन ऐकायचं नसतं, काका.’ आणि मी भाच्यालाच गप्प केलं. घरी आलेल्या माणसाचा अपमान होऊ नये, एवढंच मनात होतं. आपल्याकडे पाहुण्याला खोटं ठरवत नाहीत. माझ्या सभ्यपणाचा त्यानं असा उपयोग करून घेतला.

डोळे मिटणं म्हणजे ब्लाइंड टेस्ट नव्हे. हे वाक्य लिहून ठेवा. डोळे मिटलेले असताना मला पक्कं ठाऊक होतं की आता ६४,००० ची केबल वाजतेय. कान बापडे ऐकत होते, पण निकाल किमतीनं आधीच लावला होता. ब्लाइंड म्हणजे काय वाजतंय ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसणं, आणि खरं तर बदलणाऱ्यानंही समोर नसणं, कारण त्याच्या चेहऱ्यावरून, श्वासावरूनसुद्धा कळतं. यात नवं काही नाही. १९५० साली बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी एबीएक्स पद्धत मांडली: हा ‘ए’, हा ‘बी’, आता जो वाजतोय तो ‘एक्स’, सांगा दोन्हींपैकी कुठला. १६ वेळा विचारलं आणि १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर ते नुसत्या नशिबानं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. नऊ-दहा बरोबर आली तर अभिमान बाळगण्यासारखं काही नाही.

पुढे भाच्यानं तपकीर गल्लीतून अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर आणली, ७८० रुपयांना. आवाज मीटरनं जुळवला, पडदा लावला, उत्तरं कागदावर लिहायला सांगितली. माझी निम्मी बरोबर आली, निम्मी चूक. नाणं उडवून जेवढी आली असती तेवढीच. यूएसबी केबलचं तेच, पॉवर कॉर्डचं तेच. काळी पेटी काढून ठेवली की जोडली, हे तर मला एकदाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. मग ती उघडली. आत काळी वाळू, तांब्याची जाळी आणि एक बोल्ट. ४७,००० रुपये.

साधा हिशोब आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ७ मिलिओम. तीन मीटर जायचं, तीन मीटर यायचं, एकूण ०.०४ ओम. समोर स्पीकर ८ ओमचा. त्या वायरमुळे होणारी घट ०.०५ डेसिबलच्या आत. वायर फार बारीक किंवा फार लांब असेल तर फरक पडतो, तो मोजता येतो आणि थोडी जाड वायर घेतली की मिटतो. त्याला ६४,००० लागत नाहीत.

आता कुणी म्हणेल की मग सगळंच सारखं वाजतं का? अजिबात नाही. स्पीकर वेगवेगळे वाजतात. खोली बदलली, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतला, जमिनीवर सतरंजी टाकली, तर आवाज बदलतो आणि तो कुणालाही कळतो. पण डोळ्यांनी बघून दिलेला निकाल तिथेही घसरतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या ४० जणांवर हा प्रयोग केला. पोटापाण्याचा धंदाच स्पीकरचा, अशी माणसं. बघून ऐकताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना त्यांनी भरभरून गुण दिले. पडद्यामागून ऐकताना तेच अंतर आक्रसलं. आणि २००७ चा मेयर-मोरान यांचा प्रयोग बघा. साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सुपर ऑडिओ सीडीचा आवाज थेट, आणि तोच साध्या सीडीच्या दर्जातून गाळून. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. निम्म्याला एक कमी.

म्हणून मला कुणी ‘तुझे कान’ म्हणून हिणवू नये. २०२२ साली मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण उघड झालं. ज्या महागड्या तबकड्यांत डिजिटलचा स्पर्शही नाही असं जाणकार समजत होते, त्यांतल्या कित्येकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. डिजिटल आपल्याला लगेच कळतं म्हणणाऱ्यांनी त्या तबकड्या वर्षानुवर्षं वाखाणल्या होत्या. जगभरचे नावाजलेले कान जिथे चुकले, तिथे कोथरूडच्या एका निवृत्त माणसाकडून काय अपेक्षा करता?

‘ताण येतो’ या सबबीला भुलू नका. घाई नको असेल तर केबलवर कापड गुंडाळा, घरातल्या कुणाला तरी ती मनाला येईल तेव्हा बदलायला सांगा, महिनाभर आरामात ऐका, वहीत लिहा. त्यात कसली परीक्षा?

परत घ्या म्हणून मी मेसेज केला. सात दिवसांत परत घेण्याची बोली होती. उत्तर आलं: केबल ‘बर्न-इन’ व्हायला, म्हणजे वाजून वाजून मुरायला, दोनशे तास लागतात, त्याआधी मत बनवू नका. सात दिवसांचे तास होतात १६८. म्हणजे रात्रंदिवस वाजवली तरी मुदत आधी संपणार. हा हिशोब बसवूनच बोली केली होती.

मग सुरू झालं दारोदार फिरणं. चौकीत गेलो. ‘वस्तू मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कुठे झाली?’ मी व्हिडिओ दाखवला, आकडे दाखवले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी वाचून गेलो होतो, जुन्या चारसोबीसच्या जागी आलेलं. ते म्हणाले, ‘काका, आवाज वाढवणं गुन्हा आहे का?’ अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर या. साहेब कधी येणार? माहीत नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच तुमच्या पिननं पाठवलेत, आम्ही काय करू. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात बाईंनी विचारलं, ‘वस्तूत दोष काय?’ दोष नाही हो बाई, वस्तू वायरच आहे, वायरसारखीच चालते! खोटा आहे तो तिच्याबद्दल केलेला दावा! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा कलम २(४७) मध्ये धडधडीत लिहिलीय, वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं त्यात येतं. हे मी वाचून दाखवलं. त्यांनी मला प्रयोगशाळेचा अहवाल आणायला सांगितलं. प्रयोगशाळेनं सांगितलं, आम्ही इन्सुलेशन तपासतो, रोध मोजतो, ‘आवाज’ तपासत नाही. रोध मोजून द्या म्हटलं, तर अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर हवा. मी संस्था कुठून आणू? वाण्यानं काटा मारला तर वैधमापनाचा माणूस येऊन वजनं तपासतो. इथे माणूस माझ्या घरात बसून दीड डेसिबलचा काटा मारतो आणि त्याला विचारणारं कुणीच नाही! बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ याच शहरात उभी केली. त्याच शहरात मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हाकललं जातंय, आणि प्रत्येक टेबलाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकानं तर अर्ज न वाचताच विचारलं, ‘गाणी ऐकायला एवढे पैसे?’ माझे कष्टाचे पैसे मी कशावर खर्च करतो हा तुमचा प्रश्न नाही. मला खोटं सांगून घेतले का, हा तुमचा प्रश्न आहे.

शेवटी वकिलांमार्फत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, हेही मला कुणी कार्यालयात सांगितलं नव्हतं. तपासणी लागणारी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोगालाच आहे. म्हणजे अहवालासाठी मला उन्हात फिरवायची गरजच नव्हती. तारखा पडत आहेत. कायदा म्हणतो शक्यतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच.

पेटीचे ४७,००० सिद्ध करणं अवघड आहे असं वकील म्हणतात. पण त्याचा मेसेज आहे, ‘बॉक्स ४७ के कॅश, उद्या येतो.’ असे मेसेज पुसू नका. फोन बदलताना बॅकअप घ्या. डेमो कुणाचाही असो, काचेवरचा आकडा दिसेल असा व्हिडिओ घ्या, रिमोट स्वतःच्या हातात ठेवा, वायर आपल्या माणसाला बदलू द्या. यापैकी एकालाही विकणाऱ्यानं नकार दिला तर चहा पाजून निरोप द्या.

बाणेर, औंध, कोथरूड भागात कुणाकडे असाच ‘डोळे मिटून’ डेमो झाला असेल तर बिलावरची तारीख आजच काढून बघा. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. बिलावर नुसतं ‘ऑडिओ अ‍ॅक्सेसरीज’ लिहिलेलं असेल, माझ्या बिलावर तसंच आहे, तर त्याला मेसेज करून वस्तूचं नाव आणि किंमत लेखी मागवून घ्या, तक्रारीचा सुगावा लागण्याआधी.