फ्रायबुर्गमधील यजमान कुटुंबाकडे सहा महिने

जर्मन भाषेच्या अभ्यासक्रमासाठी जुलै ते डिसेंबर मी दक्षिण जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एका निवृत्त दांपत्याच्या घरी राहिले. गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात परतल्यापासून ओळखीचे पालक ‘मुलांना वसतिगृहात ठेवावे की कुटुंबात?’ असे विचारत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खोली उजेडाची, स्वच्छ आणि शांत होती. मात्र या व्यवस्थेचे खरे मोल मला जेवणाच्या टेबलावर कळले, आणि पहिली अडचणही तिथेच आली. मध्यस्थ संस्थेच्या पत्रकात नाश्ता व रात्रीचे जेवण मिळेल एवढेच लिहिले होते. तिकडच्या अनेक घरांत गरम जेवण दुपारी होते आणि संध्याकाळी ‘आबेंडब्रोट’, म्हणजे पाव, लोणी, चीज, काकडी असे थंड खाणे असते, हे कोणी सांगितले नव्हते. पहिला आठवडा मी अर्धपोटी झोपले. मग एके दिवशी सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी टेबलावर ठेवली. यजमानीणबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून त्याला लोणी लावले, वर चटणी भुरभुरली आणि ही कोणत्या धान्याची, इतके दिवस टिकते कशी, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आल्यावर त्या उपवाक्यातील क्रियापद मराठीसारखेच शेवटी जाते, हा नियम मी वर्गात शिकले होते. तो जिभेवर बसला मात्र त्या संध्याकाळी, ज्वारीविषयी बोलताना. चुकले तर आजोबा शांतपणे तेच वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणत. वसतिगृहात ही शिकवणी मिळाली नसती.

आपल्याकडे शेजारच्या बाईंना पहिल्याच दिवशी ‘काकू’ म्हणता येते. तिथे आडनावाने आणि ‘झी’ या आदरार्थी सर्वनामाने बोलायचे असते, आणि ‘डू’ म्हणण्याची मुभा मोठ्यांनी द्यायची असते. ती मला सप्टेंबरात मिळाली, आणि त्याचा आनंद परीक्षेच्या निकालाहून कमी नव्हता.

घरचे नियम आधी समजून घ्यावेत. रात्री दहानंतर आवाज चालत नाही. कडाक्याच्या थंडीतही खोलीतील दमट हवा घालवण्यासाठी खिडक्या काही मिनिटे सताड उघडाव्या लागतात. जेवताना फोन घेतलेला त्यांना खपत नसे. त्यांचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे दहा, आणि आई नेमकी तेव्हाच फोन करी. शेवटी आम्ही तिकडची सकाळ ठरवून घेतली.

खरी नाराजी मध्यस्थ संस्थेवर आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. संस्थेने याची कल्पना ना मला दिली, ना त्या कुटुंबाला. धावपळ करून बाराव्या दिवशी तो मिळाला.

विद्यार्थी वसतिगृहापेक्षा मला खर्च अधिक आला, तरीही भाषेसाठी जाणाऱ्याने पहिले काही महिने कुटुंबातच काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी मात्र लेखी घ्याव्यात: नोंदणीच्या दाखल्याची हमी, आठवड्यातून किती वेळा स्वयंपाकघर वापरता येईल, आणि फोडणी चालेल का. मला आठवड्यातून दोनदा वापरता आले, आणि फोडणी चालली, खिडकी उघडी ठेवून.