स्विफ्ट की डिझायर: मागच्या १३५ मिलिमीटरचा हिशेब

मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरचं बोनेट उघडलं की दोन्ही गाड्या एकच. तेच १,१९७ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तोच पाच गिअरचा बॉक्स, वळायला तेवढीच जागा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही दोघींचं २,४५० मिलिमीटर. फरक लांबीत आहे: स्विफ्ट, म्हणजे हॅचबॅक (सामानाची जागा आणि माणसं एकाच खोलीत), ३,८६०; डिझायर, म्हणजे सेडान (मागे वेगळी बंद डिक्की), ३,९९५. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानंतर दोघींच्या बेस मॉडेलच्या शोरूम किमतीत साधारण ४७ हजारांचा फरक राहिला. त्यावर महाराष्ट्रातला ११ टक्के रोड टॅक्स धरा, म्हणजे बावन्न हजार. पाच वर्षांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी महिन्याला हजार-अकराशे रुपये जास्त. हे पैसे निव्वळ मागच्या १३५ मिलिमीटरचे. दोन्ही गाड्या काही महिने हाताखालून गेल्यावर हे नक्की सांगता येतं की प्रश्न गाडी चांगली की वाईट हा नाहीच. तुमच्या गाडीत मागे माणसं आणि सामान एकाच वेळी किती वेळा असतं, एवढाच आहे.

डिक्कीचे आकडे बघा: स्विफ्ट २६५ लिटर आणि डिझायर ३८२ लिटर. कागदावर सेडान सरळ जिंकते आणि चार माणसं चार दिवसांसाठी कोकणात निघाली तर प्रत्यक्षातही जिंकते. पण डिक्कीचं तोंड अरुंद असतं. दोन मोठ्या बॅगा, एक मध्यम आणि फटींत पिशव्या बसतात. वॉशिंग मशीनचा खोका काही केल्या आत जात नाही. स्विफ्टची मागची सीट पाडली की तोच खोका आडवा सरकवता येतो. डिझायरची सीट पडत नाही. दुकानाचा माल, रोपं, घरातलं किरकोळ फर्निचर असं काही महिन्यातून दोन-चारदा वाहायचं असेल तर छोटी गाडीच जास्त मोठी ठरते.

वासाचं कुणी बोलत नाही. सुकट-बोंबील किंवा पिकलेले फणस घेऊन मालवणहून पुण्याला यायचं असेल तर बंद डिक्की म्हणजे काय सुख आहे ते कळतं. हॅचबॅकमध्ये सामान आणि माणसं एकाच खोलीत. मागच्या टायरचा आवाजही त्याच कारणाने जास्त येतो, खास करून सिमेंटच्या रस्त्यावर. सेडानमध्ये मध्ये सीटची आणि पत्र्याची भिंत आहे.

मागे बसणाऱ्यांना फरक लगेच कळतो. डिझायरमध्ये डिक्की मागे गेल्यामुळे सीट थोडी मागे आणि जास्त कललेली आहे, गुडघ्यांना जागा मिळते. मात्र छत मागे उतरतं, त्यामुळे पावणेसहा फुटांवरच्या माणसाने बसून डोकं टेकतंय का ते बघावं. घरात सत्तरीचे आई-वडील असतील आणि दर महिन्याला दोन-अडीचशे किलोमीटरचा प्रवास असेल, तर जास्तीचे बावन्न हजार इथेच वसूल होतात.

आता डिझायरचा तोटा. चाकांमधलं अंतर तेच आणि लांबी जास्त, याचा अर्थ वाढीव भाग बहुतेक सगळा मागच्या चाकांच्या पलीकडे लटकतो. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून तळापर्यंतची मोकळी उंची, दोघींचा १६३ मिलिमीटर. पाच माणसं आणि भरलेली डिक्की झाली की मागचं सस्पेन्शन बसतं, आणि सोसायटीच्या उंच गतिरोधकावर किंवा तळघराच्या रॅम्पवर बंपरची खालची कड घासते. उपाय साधे: ड्रायव्हरच्या दारापाशी असलेल्या स्टिकरवर पूर्ण भाराचं हवेचं प्रेशर दिलेलं असतं, निघण्याआधी मागच्या टायरमध्ये तेवढी हवा भरा. गतिरोधक तिरका, पहिल्या गिअरमध्ये चढवा. जड बॅगा सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, झाकणाच्या बाजूला नको.

टायरचंही इथेच सांगतो. खालच्या मॉडेलना १६५/८० आर१४, वरच्यांना १८५/६५ आर१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात). पहिल्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. चाकाचा एकूण व्यास जवळपास सारखाच. खड्ड्यांत १४ इंची टायर रिमला जास्त वाचवतो; दिसतो मात्र बारीक.

इंजिन घाटात मागे पडतं ते दोघींतही. ११२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा पूर्ण जोर, इंजिन ४,३०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) पोचल्यावर मिळतो, म्हणून वरंधा किंवा आंबोलीत भरलेली गाडी वळणावर तिसऱ्यात ओढत नाही. वळणाच्या आधीच दुसरा टाका. हाफ क्लचवर रेटत राहिलात तर क्लच प्लेटचा वास येणारच.

सीएनजी घेणार असाल तर थांबा. ५५ लिटरची टाकी डिक्कीत बसते आणि ज्या जागेसाठी तुम्ही सेडानकडे वळलात तीच जागा जाते. उरतात दोन मऊ पिशव्यांपुरत्या कडा. सीएनजी डिझायर घ्यायची ती फक्त मागच्या सीटसाठी. सामान रोजचं असेल तर पेट्रोल घ्या किंवा सरळ वेगळी गाडी बघा. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्चही धरा.

पावसाळ्यात हॅचबॅकची मागची काच चिखलाने लगेच भरते, कारण उभ्या पाठीमागे हवा भोवरा घेते आणि टायरचं पाणी वर ओढते. मागचा वायपर नसलेलं मॉडेल घेऊ नका. सेडानला हा त्रास कमी, पण पावसाळा संपल्यावर चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलंय का ते बोट फिरवून बघा. रबरी पट्टी कुठे दबली असली तर तिथूनच गळतं.

इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) आकडा इंजिनावर ठरतो, म्हणून दोघींचा सारखाच: तीन वर्षांचे १०,६४० रुपये. बाकीची रक्कम शोरूमवाला सांगेल तीच घेऊ नका, बाहेरून एक कोटेशन हातात असलं की ती उतरते.

टेस्ट ड्राइव्हला घरची सगळ्यात मोठी बॅग आणि मागे बसणारी माणसं घेऊन जा. बॅग आत ठेवून झाकण सावकाश बंद करा. बिजागरीचे वाकडे दांडे बॅगेवर टेकतात का ते आत वाकून बघा.