सुपरचार्ज्ड सीटीएस-व्ही आणि ई-८५: पाटीवर ८५, नळीत ५६

गाडी २०१२ ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही, मॅन्युअल गिअरची. सेकंडहँड घेतली तेव्हाच वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे हात घालायला मोकळीक. ६.२ लिटरचा व्ही-८, डोक्यावर १.९ लिटरचा सुपरचार्जर, कंपनीच्या कागदावर ५५६ हॉर्सपॉवर, हे वाचणाऱ्यांना पाठ असेलच. गेल्या उन्हाळ्यापासून ती ई-८५ वर, म्हणजे नावाप्रमाणे ८५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट्रोल अशा मिश्रणावर, चालवतोय, तीही आयोवात, म्हणजे अमेरिकेत सगळ्यात जास्त इथेनॉल जिथे बनतं तिथे. लिहायचं कारण एवढंच की जानेवारीत चेक इंजिनचा दिवा लागला आणि पंपवाला व ट्यूनिंगवाला (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग, म्हणजे ट्यून, बदलणारा) या दोघांनी मला एकमेकांकडे पिटाळलं.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर पुढे राग आला की राहून जाईल.

सुपरचार्जर इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते. जुलैच्या दुपारी, डांबर वितळत असताना, दोन-तीनदा मोकळं अॅक्सिलरेटर दिलं की ही गाडी मरगळते. इंजिनात नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, म्हणजे उशिरा पाडतो, आणि विकत घेतलेली ताकद हवेत जाते. ई-८५ घातल्यावर ही मरगळ जवळपास गेली. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉक टाळायची ताकद, जास्त, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेतं. स्पार्क पुढे नेता येतो, नॉक सेन्सर गप्प बसतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पूर्वी ऐंशीच्या पुढे जिथे दम कमी व्हायचा, तिथे आता खेच तशीच राहते.

एक मात्र खटकतं. इथेनॉल घातल्यावर इनटेक टेंपरेचर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान) धाडकन उतरलं असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. या इंजिनात हवेचा सेन्सर दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतर आहे आणि इंधन फवारणारे इंजेक्टर त्याच्याही पुढे, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. थंडावा येतो तो सेन्सरच्या पुढे. आकडा तेवढाच दिसतो, फरक पडतो तो सिलिंडरात. आकडा उतरलाच असेल तर त्या दिवशी हवा थंड असणार.

यात नवं काही नाही. स्वीडनच्या केनिगसेग कंपनीने २००७ मध्ये सीसीएक्सआर काढली, दोन सुपरचार्जरची. साध्या पेट्रोलवरची सीसीएक्स ८०६ हॉर्सपॉवरची, ई-८५ वरची ही १०१८ ची. २०२३ ची डॉज डीमन १७० ई-१० वर ९०० आणि ई-८५ वर १०२५ देते. इंधन बदलून सव्वाशे घोडे मिळतात, पण ते इंजिन त्या इंधनासाठी बांधलेलं असेल तरच. सांगलीचा माझा चुलतभाऊ बाइकमध्ये ई-२० घालून अॅव्हरेज पडलं म्हणून फोनवर रोज शिव्या घालतो. त्याचं बरोबर आहे. वाढलेला ऑक्टेन वापरायला त्याच्या बाइकला ना बूस्ट (सुपरचार्जरसारखा हवेचा दाब), ना तसा स्पार्क. त्याच्या वाट्याला नुसता तोटा आला. कारखान्याच्या उसाचे पैसे घेताना मात्र तो इथेनॉलबद्दल ब्र काढत नाही, हा भाग वेगळा.

आता भांडण.

ई-८५ ला पेट्रोलपेक्षा आकारमानाने सुमारे तीस-चाळीस टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. म्हणून मोठे इंजेक्टर, गाडीतला जोरकस फ्युएल पंप आणि नवी ट्यून. इथल्या एका दुकानाने हे सगळं बसवून दिलं आणि दोन ट्यून दिल्या: एक ९१ ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलची, एक ई-८५ ची. उन्हाळाभर मी खूश. थंडी पडली तशी गाडी सकाळी खोकायला लागली, स्पार्क प्लग काळे पडले, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) उणे पंधराच्या खाली गेला आणि दिवा लागला.

दुकानवाला म्हणाला, पंपाचं इंधन खराब. पंपवाल्याने मशीनवरच्या केशरी पट्टीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलेलं: इथेनॉल ५१ ते ८३ टक्के. खाली, फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालायला कारखान्यातच बनवलेल्या. म्हणजे ८५ हे नाव. प्रत्यक्षात ८५ द्यायचं बंधन कुणावरच नाही, आणि माझी गाडी त्या पट्टीच्या हिशोबात बसतच नाही.

तेव्हापासून मी नळी जवळ ठेवतो. काचेची, रेघा मारलेली, दहा-बारा डॉलरला मिळते. खालच्या रेघेपर्यंत पाणी, वर पंपाचं इंधन, बूच लावून खळखळून हलवायची आणि बॉनेटवर उभी करून थांबायचं. पाणी इथेनॉलला आपल्याकडे ओढतं, पेट्रोल वेगळं होऊन वर तरंगतं. मधली रेघ वर सरकली असेल तेवढं इथेनॉल. सप्टेंबरात ही रेघ ऐंशीच्या वर होती, जानेवारीत ५६ वर येऊन थांबली. म्हणजे जास्त इथेनॉल धरून केलेली ट्यून गरजेपेक्षा जास्त इंधन ओतत होती. उणे वीसच्या थंडीत पंपाशेजारी हातमोजे काढून नळी हलवणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते विचारू नका.

कारण साधं आहे. इथेनॉलची थंडीत वाफ नीट होत नाही आणि इंजिन सुरू होत नाही, म्हणून हिवाळ्यात मुद्दाम पेट्रोल वाढवतात. ब्राझीलमध्ये तर फ्लेक्स गाड्यांना थंडीत सुरू करायला पेट्रोलची छोटी वेगळी टाकी द्यायचे. सगळं समजतं. माझं म्हणणं एवढंच की आज पंपाच्या टाकीत किती टक्के इथेनॉल आहे ते पंपाच्या पडद्यावर दाखवा. दुधाचं फॅट सांगता, इंधनाचं का नाही? हे मी राज्याच्या खात्यालाही लिहिलंय. उत्तर नाही.

बायकोने शांतपणे हिशोब मांडला: इथेनॉल कमी म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे त्याच भावात जास्त मैल. मग भांडतोस कशाला? हिशोब बरोबर आहे. हिवाळ्यात अॅव्हरेज खरंच वाढलं. तरी राग गेला नाही.

मत बदललं ते फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवल्यावर. गाडीच्या इंधनाच्या पाइपमध्ये बसणारा हा छोटा ठोकळा ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो. ५० म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० म्हणजे शंभर. कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंधन आणि स्पार्क आपोआप बदलतो. आता टाकीत अर्धं प्रीमियम, अर्धं ई-८५ असलं तरी गाडी कुरकुरत नाही. ट्रिम शून्याच्या आसपास, प्लग तांबूस. पहिल्याच दिवशी हा सेन्सर घाला असं दुकानाने सांगायला हवं होतं. "सगळे नंतरच बसवतात" हे त्यांचं उत्तर, आणि मजुरी दुसऱ्यांदा घेतली.

पैशांचं बोलू. माझ्या पंपावर प्रीमियम ३.९० डॉलर गॅलन, ई-८५ २.४०. प्रीमियमवर पंधरा मैल पडायचे, ई-८५ वर अकरा. म्हणजे मैलाला २६ सेंट विरुद्ध जेमतेम २२. चार सेंट वाचले. इंजेक्टर, पंप, ट्यून, सेन्सर मिळून अडीच हजार डॉलर गेले. वसूल व्हायला बासष्ट हजार मैल हवेत, तोवर क्लच कितीदा बदलावा लागेल देव जाणे. पैसे वाचवायला हे करायचं असेल तर करूच नका.

बाकी बारीकसारीक: १८ गॅलनची टाकी दोनशे मैलांच्या आत रिकामी होते. मक्याचा पट्टा (इथलं इथेनॉल मक्याचं) सोडला की ई-८५ चे पंप विरळ होत जातात. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तर इंधन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल लवकर बदलतो. आयोवात धुराची तपासणी होत नाही. इंजिनाच्या ट्यूनबद्दलचा केंद्राचा कायदा मात्र आहे, तो ज्याचा त्याने वाचावा.

गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर मी आधी ई-८५ संपवून प्रीमियम भरतो, कारण इथेनॉल पाणी ओढतं. सध्या टाकीत ७४ टक्के आहे, सेन्सरप्रमाणे. नळीने ७२ दाखवले. पंपवाल्याला अजून विचारतोच.