ब्रेसेसनंतरचे पांढरे डाग: वज्रदंती, त्रिफळा आणि झायलिटॉल, बरेच महिने वापरल्यावर

ब्रेसेस निघाल्या आणि वरच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग दिसले. डॉक्टरबाई म्हणाल्या ही किडीची पहिली पायरी, इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम-फॉस्फेट निघून गेलंय पण खड्डा पडलेला नाही, म्हणजे अजून भरून येऊ शकतं. मला शक्यतो झाडपाल्याचंच वापरायचं होतं, तसं त्यांना सांगितलं आणि त्यांनाच विचारून गणपतीपासून सगळं सुरू केलं.

सकाळी वज्रदंतीवाली पेस्ट. वज्रदंती म्हणजे आपल्याकडे कुंपणाला असते ती पिवळ्या फुलांची काटेकोरांटी. चव तुरट, फेस कमी, पण हिरड्यांना खरंच फरक पडला, ब्रश करताना रक्त यायचं ते पार थांबलं. रात्री जेवणानंतर त्रिफळ्याच्या काढ्याच्या चुळा, भारतात शाळकरी मुलांवर याचे अभ्यास झालेत आणि प्लाक, म्हणजे दातांवरचा जंतूंचा चिकट थर, कमी होतो असं दिसलंय, माझं तोंडही सकाळी स्वच्छ वाटतं. काढा मात्र रोज ताजा करा आणि नीट गाळून घ्या.

सगळ्यात आवडलं ते झायलिटॉलचं च्युइंगगम. ही साखर बर्चच्या लाकडापासून नाहीतर मक्याच्या कणसापासून काढतात, किडीच्या जंतूंना तिच्यापासून ॲसिड बनवता येत नाही आणि चघळताना लाळ भरपूर सुटते, आणि दात भरून काढणारं कॅल्शियम-फॉस्फेट त्या लाळेतच असतं ना! तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला, म्हणजे ॲसिड वाढलं, की इनॅमल विरघळायला लागतं, म्हणून मी दुपारच्या जेवणानंतर आणि चारच्या चहानंतर लगेच एक गोळी चघळते. सुरुवातीला जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, हळूहळू वाढवा.

आता डागांचं. नुसत्या वनस्पतींवर होते तोवर डाग वाढले नाहीत पण कमीही झाले नाहीत. मग बाईंच्या सांगण्यावरून रात्री झोपताना १००० पीपीएम फ्लोराइडची साधी पेस्ट आणली, नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही, कारण झोपेत लाळ कमी असते आणि फ्लोराइड दातावर राहायला हवं. त्यानंतर कडा पुसट होत गेल्या, दोन डाग आता उजेडात नीट बघितलं तरच दिसतात. म्हणून 'फ्लोराइड फ्री' लिहिलेलं बघून कुणी खूश होऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय, विशेषतः ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना.

लवंगेच्या तेलाचं पण तेच. त्यातलं युजेनॉल दुखणं बधिर करतं, डेंटिस्टसुद्धा तात्पुरत्या फिलिंगमध्ये वापरतात, पण कीड आत चालूच राहते, ठणका थांबला म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. गेरूवालं खरखरीत लाल मंजन तर असे डाग असताना नकोच, मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं.

आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा डबा वरच्या फळीवर ठेवा, त्यांना ते विषारी असतं.