नव्या पेठेतलं जुन्या मासिकांचं दुकान आणि १९३९ चा गठ्ठा

नव्या पेठेत आतल्या बोळात हे दुकान आहे, बोर्ड वगैरे काय नाय, बाहेर गाईडं आणि एमपीएससीच्या पुस्तकांचे ढीग बघून बरेच जण तिथूनच परत फिरतात, पण खरा माल वर माळ्यावर आहे आणि तो मागितल्याशिवाय खाली येत नाय. मी टाइम आणि लाइफ या अमेरिकन साप्ताहिकांचा १९३९ चा गठ्ठा घेतला, सोबत 'किर्लोस्कर' या मराठी मासिकाचे थोडे अंक.

आधी तक्रार. मराठी अंक वजनावर आणि इंग्रजी नगावर, हा काय हिशोब झाला? किर्लोस्करवाडीहून निघालेला अंक किलोवर आणि १५ सेंटचा टाइम मात्र काचेच्या भांड्यासारखा जपून. त्यात २ जानेवारी १९३९ च्या अंकाचं कव्हरच फाडलेलं. हाच तो अंक ज्यात हिटलरला 'मॅन ऑफ द इयर' केलं होतं, कव्हरवर नेहमीसारखा चेहरा नव्हता, ऑर्गन वाजवणारा बारका हिटलर आणि वर चाकाला लटकवलेली माणसं, चित्रकार फॉन रिपर, नाझींच्या तावडीतून सुटून आलेला. कव्हर नाय म्हणून भाव कमी करा म्हटलं तर उत्तर आलं, "फोटो नसला म्हणून काय झालं मालक, मजकूर तर हाय की." भाव केला कमी, पण नावाला.

आता मजकुराचं. एका पानावर डान्झिग बंदरावरून पोलंड-जर्मनीची तणातणी आणि शेजारी फ्रिज, मोटार, सिगारेटच्या जाहिराती, तितक्याच झोकात. न्यूयॉर्कचा वर्ल्ड फेअर ३० एप्रिलला सुरू झाला, तिथे नायलॉनचे मोजे बघायला गर्दी. जूनमध्ये इंग्लंडचा राजा अमेरिकेच्या अध्यक्षाकडे, रूझवेल्टकडे जाऊन हॉट डॉग खाऊन आला, त्याची कवतिकं. युद्ध होणार की नाय हे सगळे बोलतायत पण पावसाबद्दल बोलावं तसं, येईल बहुतेक, नाय पण येणार. आपल्याला १ सप्टेंबर माहितीय, जर्मनी पोलंडवर चालून गेली तो दिवस, त्यांना नाय, त्यामुळं जुलैच्या अंकातली पुढच्या वर्षीच्या मॉडेलची चर्चा वाचताना पोटात कसंतरी होतं.

आणि एक गोष्ट खटकली. 'युद्ध येणार का' असं हे लोक विचारत बसलेत तेव्हा चीनमध्ये ते जुलै १९३७ पासून चालूच होतं, जपान्यांच्या बातम्या याच अंकांत आहेत, पण मागच्या पानांवर, दूरच्या गावची भांडणं असल्यासारख्या. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्येच काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून तिकडे निघाले होते, पाच डॉक्टर होते, अटल त्यांचे प्रमुख. आपल्या गावातला माणूस जखमींवर पट्ट्या बांधत होता आणि हे म्हणतायत अजून शांतता आहे बघा. ज्याच्या घरावर बॉम्ब पडत नाय त्याचं 'युद्धाआधी' वेगळंच असतं, हे असं पान उलटवतानाच कळतं, शाळेच्या इतिहासात नाय.

किर्लोस्करमध्ये मात्र जगाची चिंता करायला फुरसत कमी, सुधारणा, विज्ञान, बायकांचं शिक्षण, आणि मागे तेलं-टॉनिकं. हिंदुस्थान युद्धात आहे हे ३ सप्टेंबरला व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर केलं, इथं कुणाला विचारलंच नव्हतं, त्यामुळं इथल्या अंकांत आधीपासून घोर लागलेला दिसावा ही अपेक्षाच चुकीची.

माल कसा आहे विचाराल तर पिना गंजल्यात, कडा कसरीनं खाल्ल्यात, लाइफची पानं मोठी म्हणून घडीवर फाटतात. घरी आणल्यावर उन्हात वाळवू नका, सावलीत वारा द्या. यूपीआय चालतं. दुपारी जाऊ नका, माळ्यावर चढायला पोरगं नसतं. सुरुवातीला सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर अडून बसा, चहा मागवला की समजायचं पटलं.

दुकानाला पाचपैकी साडेतीन, अर्धा फाडलेल्या कव्हरपायी कापला. हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा देऊन टाकणाऱ्या म्युनिक कराराच्या वेळचे, १९३८ चे सप्टेंबर-ऑक्टोबरचे अंक मी बाजूला काढून ठेवायला सांगितलेत, तेवढे सोडून बाकी खुशाल घ्या.